इन्स्पेक्टरकाकांचा पिवळा टॅग

आमच्या घरमालकांना गल्लीत सगळे इन्स्पेक्टर म्हणायचे. पुंडलिकनगरातला त्यांचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा मला वाटलं, माणूस पोलिसातला असणार. त्यामुळे मी जरा जास्तच नम्र झालो, न मागता आधारकार्ड काढून दाखवलं आणि माझ्यावर कुठंही गुन्हा दाखल नाही हेही सांगून टाकलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरंय. पण मी वाळूजला व्हतो सर. क्वालिटीत." गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तयार माल तपासण्यात घालवली होती.

कारखान्यात तपासलेल्या मालाला जाड कागदाचा टॅग दोऱ्यानं बांधतात. हिरवा म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून परत आणा, लाल म्हणजे रद्द. निवृत्त होताना काकांनी साहेबाकडं घड्याळाऐवजी टॅगचे तीन गठ्ठे मागितले आणि साहेबानंही गंमत म्हणून दिले. तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तिन्ही रंगांचे पाच-सहा टॅग कायम असायचे. गळक्या नळाला पिवळा. समोरच्यांच्या नव्या फाटकाला हिरवा. माझ्या स्कूटरच्या ब्रेकला त्यांनी पिवळा बांधला आणि मी तो चार महिने शहरभर मिरवला. काकूंच्या स्वयंपाकाला मात्र कधी टॅग लागला नाही. "ते डिपार्टमेंट वेगळंय," म्हणायचे.

आता मी कोण, तेही सांगतो. मी ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात समाजाला जागं करतो. 'हिंसेचा पडदा आणि कोवळं मन' या विषयावर माझं एक भाषण आहे. शाळांच्या पालकसभांना ते फार चालतं. सिनेमे, मालिका, मोबाईलवरचे बंदुकांचे खेळ यांनी मुलं कशी बिघडतात, हे मी तासभर सांगतो. दोन ठिकाणी माझा आवाज कातर होतो. ती ठिकाणं मी कागदावर फुलीनं दाखवून ठेवली आहेत. शेवटी मी हात उंच करून "बंदी, बंदी आणि बंदी" म्हणतो. टाळ्या पडतात, शाल आणि नारळ मिळतो. हंगामात आमच्या घरी इतके नारळ येत की बायकोनं एकदा विचारलं, एखादी शाळा भाजी देत नाही का.

हे भाषण करणारा मनुष्य रविवारी दुपारी दार लावून काय बघत असे, ते बाहेर कुणाला ठाऊक नाही असा माझा समज होता. मी त्याला अभ्यास म्हणत असे. एका सोमवारी जिन्यात काकांनी मला अडवलं आणि अगदी काळजीनं विचारलं, "सर, काल आमच्या डोक्यावर लई माणसं मेली. तुम्ही बरे हायेत ना?"

दर शनिवारी दुपारी गल्लीतली सहा-सात पोरं-पोरी काकांच्या पुढच्या खोलीत सिनेमा बघायला जमत. माझी तेजू त्यात होती. ती तेव्हा दहा वर्षांची होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्ही, टीव्हीसमोर सतरंजी आणि बाजूला लाकडी खुर्चीत रिमोट घेतलेले काका. सिनेमा त्यांनी आदल्या दिवशी एकट्यानं बघून तपासलेला असे. मला वाटलं होतं, मारामारी आली की ते पुढं ढकलत असतील. पहिल्यांदा खाली जाऊन बसलो तेव्हा बघितलं, तर मारामारी आली की ते सिनेमा थांबवत. नायकानं लाथ मारली, एक गुंड उडून फळांच्या गाड्यावर पडला, की काकांचा अंगठा रिमोटवर. चित्र जागच्या जागी थांबे. नायक एका पायावर अधांतरी, आणि काका खुर्चीतून उठून पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवत. "हा पडला. आता ह्याला उचलायला कोण?"

पोरं विचार करत. एक म्हणे, ह्याचा भाऊ. दुसरी म्हणे, भाऊ कसा येईल, तो वाळूजला पहिल्या शिफ्टला आहे. मग तो गुंड कुठं राहतो, त्याच्या आईनं डबा काय दिला होता, हात मोडल्यावर उद्या कामावर कसा जाणार, फळवाल्याला काय सांगणार, यावर अर्धा तास चर्चा. तेजूनं एका टकल्या गुंडाला दोन मुली दिल्या होत्या आणि त्यातली थोरली तिच्याच वर्गात होती. एक सिनेमा संपायला तीन शनिवार लागत. कोणाचीही तक्रार नसे. नायकाचं पुढं काय झालं, हे त्यांतल्या कोणालाही सांगता आलं नसतं.

ही रीत कुठून आली, असं मी त्यांना विचारलं. वाळूजला लागण्याआधी तरुणपणी ते त्यांच्या गावाहून, फर्दापूरहून, रोज अजिंठ्याच्या लेण्यांत जात आणि पाहुण्यांना चित्रांवर बॅटरीचा उजेड टाकून दाखवत. "गाईड लोक म्हणायचे, उजेड राजावर टाक. माझा हात आपोआप खाली यायचा, जिथं पडलेले लोक काढलेत तिथं. लई शिव्या खाल्ल्या सर. पण काढणाऱ्यानं त्यांचे बी चेहरे काढलेत की. मग बघायचे नाय व्हय?"

काका सगळंच पास करत होते असं नाही. काही सिनेमांना लाल टॅग लागे आणि मग पोरांनी कितीही गळा काढला तरी उपयोग नसे. लाल टॅगची त्यांची कसोटी एकच होती. मारणारा हसतो आणि बघणाऱ्यालाही हसायला लावतो, तो माल रद्द. बाईला मारून जिथं विनोद होतो, तो तर बघायच्या आधी रद्द. यावर मला फार आनंद झाला आणि मी माझ्या बंदीच्या अर्जावर त्यांची सही मागितली. खेळ, सिनेमे, सगळं सरसकट बंद करा, असा अर्ज होता. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

"सर, लाल टॅग लावणं सोपंय. लावलेला माल जातो कुठं, ते कुणी बघत नाय. आमच्याकडं रद्द झालेला माल भंगारात जायचा. भंगारातनं बाजारात. बाजारातनं कुणाच्या तरी गाडीला. एकदा माझ्याच मोटारसायकलीला मीच रद्द केलेला पार्ट निघाला. माझ्या हातची खूण व्हती त्याच्यावर." अर्ज त्यांनी परत दिला. त्याला पिवळा टॅग बांधला होता.

मी मनात म्हटलं, कारखान्यातला माणूस, त्याला मानसशास्त्र काय कळणार.

पुढच्याच महिन्यात तेजूच्या वहीच्या मागच्या पानावर मला बंदुकीचं चित्र सापडलं. चांगलं काढलं होतं, तेही आता कबूल करायला हरकत नाही. तिच्याकडं असलेल्या माझ्या जुन्या फोनमध्ये बंदुकांचा खेळ निघाला. मी तो तिच्यासमोर काढून टाकला आणि तिला अख्खं भाषण ऐकवलं, दोन्ही फुल्यांसकट. ती "बरं बाबा" म्हणाली. इतक्या लवकर बरं म्हटल्यावर खरं तर मानसशास्त्राच्या माणसाला शंका यायला हवी होती. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी एका शनिवारी मी एका शाळेतलं भाषण आटोपून दुपारी घरी आलो. खांद्यावर शाल होती, हातात नारळ. सहा दिवसांनी गल्लीत पाणी आलं होतं, सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी चालू होत्या, जिन्याखाली पाइपांचं जाळं. त्यात अडखळून माझा एक बूट भिजला होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही, फक्त भिजला होता. इतक्यात काकांच्या खोलीतून गोळीबाराचा आवाज आला आणि त्यावर माझ्या मुलीचा: "डावीकडं, डावीकडं. मार त्याला, मार."

मी आत गेलो. सतरंजीवर पोरं अर्धवर्तुळात बसली होती. टीव्ही बंद. मध्ये काकांचा मोबाईल, तो तेजूच्या हातात, आणि काका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तोच खेळ. मी घरातून हद्दपार केलेला खेळ एक मजला खाली राहायला गेला होता. मी तासाभरापूर्वी दोनशे पालकांसमोर हात उंच करून आलो होतो. काय बोललो ते आठवत नाही, पण फार मोठ्यानं बोललो. तेजूच्या हातातून फोन हिसकावला आणि फेकला.

फोन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आपटला. आपटायच्या आधी त्यातून एक लहान आवाज येत होता, तो सगळ्यांनी ऐकला. "आजोबा, मी पडलोय. या ना लवकर, मला उच..." आणि मग काही नाही.

आवाज काकांच्या नातवाचा होता. तो पुण्याला असायचा आणि तिथून त्याच खेळात होता.

नारळ माझ्या हातातून कधी सुटला कळलं नाही. तो गडगडत खुर्चीखाली गेला. पोरं माझ्याकडं बघत होती, सिनेमा थांबवल्यावर पडद्याकडं बघत तशीच. तेजू उठली, उंबऱ्याशी गेली, फोनचे दोन तुकडे गोळा करून काकांच्या मांडीवर ठेवले. माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "आता त्याला उचलायला कोण?" आणि वर निघून गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. रुसवा असता तर मला समजला असता. रुसलेली पोर दार आपटते, जेवत नाही. ही नीट जेवत होती, अभ्यास करत होती, विचारलं तर "हो" किंवा "नाही" म्हणत होती. शाळेत काय झालं, कोण काय म्हणालं, टकल्या गुंडाच्या मुलींचं पुढं काय झालं, ते सगळं बंद. मी नवा फोन आणून काकांना दिला आणि माफी मागितली. त्यांनी फक्त फोन घेतला. मला रात्री-अपरात्री नाही, भर दुपारी वर्गात शिकवताना भीती वाटू लागली, की ही आता मला कधीच काही सांगणार नाही.

चौथ्या दिवशी काका वर आले. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. मी खुर्ची आणली तरी उठले नाहीत.

"बोलते का पोरगी?"

"हो-नाही म्हणते."

"व्हय. तसंच असतं. माझा पोरगा आठवीत व्हता. टीव्हीला लावायचा गेम निघाला व्हता तवा. उडवाउडवीचा. दोस्ताकडून आणलता त्यानं. मी सेकंड शिफ्ट करून आलो, बघितलं. लाल टॅग लावला अन् त्याच्यासमोर हातोडीनं फोडला. पोरगं रडलं नाय. मला वाटलं, लई गुणी हाय. सर, त्यानं त्या दिवसापासून मला काय बी सांगितलं नाय. लग्न ठरलं ते बी आईला सांगितलं. आता फोन करतो. बरं आहे का? बरंय. संपलं."

मला आधी कळायला हवं होतं, असं वाटून माझी मलाच चीड आली.

"नातू बी तसाच. हां आजोबा, हो आजोबा. एक दिवशी मागून ठाय ठाय आवाज आला. म्हणलं, काय रे? तर पोरगं सुटलं की बोलायला. मग तेजूला म्हणलं, शिकव मला. ती म्हणली, बाबांनी बंद केलंय. म्हणलं, तू खेळू नको, मला शिकव. तुम्हाला विचारलं नाय. ती माझी चूक. मला त्यातलं मारणं जमत नाय. गोळी लागलेला गडी लगेच मरत नाय त्याच्यात, गुडघ्यावर रांगत राहतो. सोबत्यानं जाऊन उचललं तर वाचतो. तेवढं मला येतं. नातू मुद्दाम पडायचा कधी कधी."

तेजू फक्त शिकवत होती. मारायचं कुणाला ते दाखवायला तिनं फोन हातात घेतला आणि तिचा तोल गेला, इतकंच. आणि अर्ध्या तासानं काका कारखान्यासारखा भोंगा तोंडानं वाजवून खेळ बंद करत, हेही मला पोरांकडून नंतर कळलं. मुलं काही बघत-खेळत असतील तर त्यांच्या शेजारी बसा, अशी सूचना माझ्या भाषणात आहे. सातव्या पानावर आहे. ती अमलात आणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला होता आणि त्याचाच फोन फोडला होता.

उठताना काकांनी खिशातून टॅग काढला आणि माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला बांधला. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा पिवळा दिसला. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. माल: सर. दोष: ओरडणे, फेकणे. हा दोष आधी आढळला होता का: होय, खालच्या मजल्यावर. उपाय: शनिवारी खाली येणे. शेवटची ओळ तपासणाऱ्याच्या सहीची होती आणि ती कोरी होती.

"सही राहिली तुमची," मी म्हटलं.

"माझी नाय चालत. तेजूची लागंल."

शनिवारी मी खाली गेलो. काकांनी मला खेळायला बसवलं. सतरंजीवर मांडी घालून, एका हातात माझा फोन, शेजारी काका नव्या फोनसह, पलीकडं पुण्याहून नातवाचा आवाज. "आजोबा, त्या दिवशी मधेच कुठं गेलात?" काकांनी माझ्याकडं बघितलंही नाही. "लाईन बंद पडलती रे," म्हणाले.

हिंसक खेळांवर मी तासभर बोलत आलो होतो, आणि त्या खेळात दोन मिनिटंसुद्धा टिकलो नाही. कोणत्या बटणानं चालायचं तेच कळेना. भिंतीला तोंड करून उभा राहिलो आणि कुणीतरी मागून गोळी घातली. माझा माणूस गुडघ्यांवर आला आणि रांगू लागला. पोरं हसली. काका लांब होते, नातू त्याहून लांब. पडद्यावर माझं आयुष्य लाल पट्टीनं कमी कमी होत होतं आणि मला खरोखर घाम फुटला.

तेजू दारात उभी होती. ती आत आली, काकांच्या हातातून फोन घेतला आणि खाली बसली.

"बाबा, हलू नका. मी येतेय."

आठ दिवसांत ते तिचं पहिलं वाक्य होतं. माझे डोळे भरून आले आणि पडद्यावरचं काही दिसेना, त्यामुळे उचलल्यावर पाच सेकंदांत मी पुन्हा पडलो. ती पुन्हा आली. त्या दुपारी तिनं मला सात वेळा उचललं आणि एकदाही कुणाला गोळी घातली नाही. मग काकांनी भोंगा वाजवला.

तीन वर्षांनी काका-काकू पुण्याला गेले. मुलगा गाडी घेऊन आला होता. बापलेक एकमेकांशी काय बोलले ते मला माहीत नाही, फार नसावेत. पण सामानाच्या प्रत्येक गाठोड्याला हिरवा टॅग होता आणि मुलानं त्यातला एकही काढून टाकला नव्हता. मागच्या सीटवर काका आणि नातू एका फोनमध्ये डोकं घालून बसले होते. निघताना काकांनी हिरव्या आणि पिवळ्या टॅगचे उरलेले गठ्ठे माझ्या हातात दिले. लाल कुठंय, मी विचारलं. "लाल नाय देत. तुमचा हात वाईटंय," म्हणाले.

भाषण मी अजून करतो. बंदीचा हात आता तेवढा उंच जात नाही. काही गोष्टींना लाल टॅग लागायलाच हवा, हे सांगतो. पण शेजारी बसण्याची सूचना सातव्या पानावरून पहिल्या पानावर आणली आहे आणि त्यात फोनचा किस्साही घातला आहे. 'माझ्या एका परिचितानं रागाच्या भरात घरमालकांचा फोन फोडला,' असं मी सांगतो. लोक त्या परिचिताला हसतात. मीही हसतो.

तेजू आता बारावीत आहे. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा माझं भाषण ऐकायला आली. येताना स्कूटरवर मागून म्हणाली, "परिचित कोण हो बाबा?" मी ब्रेक तपासल्यासारखं केलं. ती म्हणाली, "ज्या दिवशी 'मी' म्हणाल ना, त्या दिवशी सही करते."

तो पिवळा टॅग माझ्या भाषणाच्या फाईलमध्ये आहे. दोरा जुना झाला आहे, काकांचं अक्षर अजून स्वच्छ आहे. म्हणून हे सगळं लिहून काढलं. फोन मी फोडला, असं वर स्पष्ट लिहिलं आणि तेजूला वाचायला दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं, टॅग मागून घेतला, उलटा-सुलटा करून बघितला आणि मला परत दिला.

"हे लिहिलंय तुम्ही," म्हणाली. "बोलला नाहीत अजून."

शुक्रवारी एका शाळेत भाषण आहे. ती येणार आहे आणि पहिल्या रांगेत बसणार आहे. पेन तिनं स्वतःचं घेतलं आहे.